धीर द्यायचा तर वार ठरवा

सोलापुरातील सर्व मंडळ्यांचे पंच, शब्बाथ शाळेचे शिक्षक, तरुण संघ आणि भगिनी मंडळ यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नव्या वर्षाची कमिटी बसायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं अशी इच्छा आहे. एकदा बजेट, रंगकाम आणि नाताळचा मंडप यांवर चर्चा सुरू झाली की बाकीचे विषय पुढच्या मिटिंगवर जातात. हा विषय मात्र या वेळी आधी घ्यावा, म्हणून लिहितो आहोत.

आपल्या मंडळ्यांत एकमेकांना विश्वासात धीर देण्याचं काम सगळ्यांचं मानलं जातं, म्हणून ते नेमकं कोणाचंच राहत नाही. ते माणसं नेमून, वार ठरवून, वहीत मांडून करावं, ही आमची विनंती.

आपल्या गावाला मागाची भाषा कळते. साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. उभा धागा तुटला तर थांबत नाही. माग खडखडत राहतो, कापड पुढे सरकत राहतं आणि त्यात एक बारीक उभी रेघ पडत जाते. कामगाराची नजर गेली, त्याने माग थांबवून गाठ मारली, तरच ती रेघ तिथे संपते. मंडळीतून माणूस असाच सुटतो. रविवारी उपासना होते, गीतं होतात, दानाची थैली फिरते. तिसऱ्या बाकावर बसणारी बाई सहा रविवार आली नाही, हे लक्षात येतं तेव्हा तिची न येण्याची सवय पक्की झालेली असते.

आता कोणाला काय द्यायचं ते पाहू. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१४) पौल तीन प्रकारची माणसं वेगळी करतो. बेशिस्त वागणाऱ्याला समज द्यायची, खचलेल्याला धीर द्यायचा, अशक्ताला आधार द्यायचा, आणि सहनशीलता तिघांशीही ठेवायची. आपल्याकडे चूक होते ती इथेच. आपण तिघांनाही समज देतो. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेला कामगार दहाच्या उपासनेला आला नाही, तर त्याला दारातूनच ऐकवलं जातं, "काय, हल्ली देवाला वेळ नाही वाटतं?" नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बहिणीला सांगितलं जातं, "आता सावरायला हवं." अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळणारीला वचन ऐकवलं जातं, आणि तिला हवे असतात ते फक्त दोन तास. कोणीतरी सासूजवळ बसावं, म्हणजे ती उपासनेला येऊ शकेल. पहिल्याला पाळीप्रमाणे संध्याकाळची प्रार्थना सभा हवी, दुसरीला सोबत हवी, तिसरीला बदली माणूस. आधी प्रकार ओळखा, मग तोंड उघडा.

संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला होता (१ राजे १९), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला स्पर्श केला, ऊठ आणि खा म्हटलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला, पुन्हा झोपला, दूताने दुसऱ्यांदा उठवून खायला घातलं. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न नंतर होरेब डोंगरावर आला, चाळीस दिवसांनी. आपण तो प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. ज्या गावात कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रत्येक घरात असते, त्या गावात पहिल्या भेटीला डबा नेणं अवघड नाही.

भेटीचं गणित साधं आहे. १२० कुटुंबांची मंडळी धरा. बारा माणसं नेमा आणि त्यांच्या सहा जोड्या करा. एकट्याने जाऊ नये. बाईच्या घरी जाणाऱ्या जोडीत एक बाई असलीच पाहिजे. प्रत्येक जोडीकडे वीस घरं. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन घरं. म्हणजे दहा आठवड्यांत पूर्ण मंडळीत एक फेरी होते आणि वर्षात पाच फेऱ्या. उत्साहात सुरुवातीला एका संध्याकाळी पाच-पाच घरं केली जातात, दुसऱ्या महिन्यात जोडी थकते आणि काम बंद पडतं. दोनच्या वर जाऊ नका.

वार ठरवताना आपलं सोलापूर लक्षात ठेवा. ज्या दिवशी त्या गल्लीत नळाला पाणी येणार, त्या दिवशी जाऊ नका. घरातल्या बाईचं सगळं लक्ष घागरी आणि पिंपाकडे असतं, तुम्ही अडचण होता. पाळी बदलण्याची वेळ टाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार कोणाच्या दारात उभे राहू नका, पत्र्याच्या घरात त्या वेळी माणूस कसाबसा श्वास घेत असतो. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा आणि त्याच फोनवर सांगा, "आम्ही फक्त पाणी पिणार." नाहीतर तुम्ही खुर्चीवर टेकेपर्यंत लहान मुलगा बिस्किटाचा पुडा आणायला दुकानाकडे पळालेला असतो, आणि तो पुडा उधारीवर येतो.

भेट पंचवीस ते तीस मिनिटांची. पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐकायचं. मध्ये "आमच्याकडेही असंच झालं होतं" म्हणून आपली कहाणी सुरू करायची नाही. मग शास्त्रातला एकच उतारा, आठ-दहा ओव्यांच्या पुढे नाही, आणि तो जमलं तर घरातल्याच कोणाला वाचायला द्यायचा. नंतर प्रार्थना, दोन-तीन मिनिटं. त्या प्रार्थनेत त्यांनी आत्ता सांगितलेल्या गोष्टी नावानिशी याव्यात: मुलीची बारावी, भावाचं कर्ज, गुडघ्याचं ऑपरेशन. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. डोळे मिटलेल्या माणसाला "हे प्रभू, यांना नियमित उपासनेला यायची बुद्धी दे" हे ऐकावं लागणं फार जिव्हारी लागतं, आणि त्याला उलटून बोलताही येत नाही.

भाषेचं एक सांगायचं राहू नये. आपल्याकडे कितीतरी घरांत आजी तेलुगू बोलते, कुठे कन्नड. तिला उपासनेत मराठी समजते, पण दुखण्यात आईची भाषाच आत जाते. तेलुगू वाचता येणारा एक माणूस शोधून स्तोत्र २३ तिच्या भाषेत वाचा. समोरच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहा.

उतारा निवडतानाही विचार हवा. ताज्या दुःखात योहान ११ वाचा, जिथे प्रभू स्वतः रडतो. सर्व गोष्टी मिळून कल्याण करतात हे रोमकरांसच्या आठव्या अध्यायातलं वचन खरं आहे, पण मयताच्या घरी पहिल्या आठवड्यात ते वाचलं तर "झालं ते बरंच झालं" असं ऐकू जातं. म्हाताऱ्यांसाठी यशया ४६:४, केस पिकेपर्यंत वाहून नेणारा देव. झोप उडालेल्यांसाठी स्तोत्र ४ची शेवटची ओवी. नोकरी गेलेल्याच्या घरी विलापगीत ३:२२-२३. मूल नसलेल्या जोडप्याला, हन्नाला प्रार्थनेनंतर मूल झालं ती गोष्ट देवाचं आश्वासन म्हणून देऊ नका. देवाने ते त्यांना सांगितलेलं नाही, तुम्ही सांगताय. दोन वर्षांनी पाळणा हलला नाही तर त्यांचा विश्वास डळमळेल तो तुमच्या शब्दामुळे. "तुमचा विश्वास कमी पडला" हे वाक्य तर कोणत्याही घरात, कोणत्याही कारणाने उच्चारू नका.

मयताच्या घराची आपली रीत पहिल्या आठवड्यात फार चांगली आहे. सतरंज्या, जेवण, गीतं, सगळं मंडळी सांभाळते. मग एकदम शांतता. नातेवाईक आपापल्या गावी गेलेले, बँकेची आणि पेन्शनची कागदपत्रं पुढ्यात, आणि संध्याकाळी घरात एकच ताट. म्हणून मृत्यूची तारीख वहीत लिहा आणि चार भेटी त्याच दिवशी पुढे मांडून ठेवा: महिन्याने, तीन महिन्यांनी, पहिल्या नाताळच्या आदल्या आठवड्यात आणि वर्षाच्या दिवशी. तिसऱ्या महिन्याची भेट सर्वांत जास्त चुकते आणि सर्वांत जास्त लागते. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. घरच्यांना ते ऐकायचं असतं.

दवाखान्यात नियम वेगळे. सिव्हिल असो की खासगी, वेळ पाळा, दहा मिनिटांत निघा, आपल्या माणसाच्या खाटेपाशी हलक्या आवाजात प्रार्थना करा. शेजारच्या खाटेवरच्या कोणी स्वतःहून विनंती केली तरच त्यांच्यासाठी करा. खाटेखाटेने फिरू नका. गोळ्या बंद करा असं कोणी सुचवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. डॉक्टरच्या हातून बरं करणारा तोच देव आहे. १८९४ साली मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं ते याच विश्वासाने. आणि कोणी दोन-दोन आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ते निव्वळ अविश्वासाचं लक्षण समजू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, मनाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते. प्रार्थना करा आणि फोनही लावा.

आता पाचारणाविषयी, म्हणजे देव सेवेसाठी बोलावतो त्याविषयी. इथे आम्हाला जास्त बोलायचं आहे, कारण इथे नुकसान जास्त होतं.

पहिल्या मंडळीतल्या बर्णबाला आपण बोधपुत्र, म्हणजे धीर देणारा, म्हणतो आणि पुढे जातो. त्याने काय-काय केलं ते पाहा. शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. यरुशलेमेत सगळे शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, घाबरत असताना त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेलं. शौल तार्सात जाऊन राहिला होता, तेव्हा बर्णबा अंत्युखियाहून त्याला शोधायला तार्सास गेला, घेऊन आला आणि पूर्ण एक वर्ष त्याच्याबरोबर मंडळीत काम केलं (प्रेषितांची कृत्ये ११:२५-२६). पुढे योहान मार्क अर्ध्या वाटेतून परत फिरला, पौल त्याला घ्यायला तयार होईना, तेव्हा बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला. त्याच मार्काविषयी पौल शेवटी तीमथ्याला लिहितो की त्याला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. या सगळ्यात बर्णबाचं एकही लांब भाषण लिहिलेलं नाही. पैसा, ओळख, प्रवास, एक वर्ष आणि दुसरी संधी, एवढं त्याने दिलं.

आपल्या तरुणांबाबत काय होतं? मे महिन्याच्या शिबिरात शेवटच्या रात्री गीत चालू असताना आवाहन होतं, मुलं हात वर करतात, रडतात, पुढे येतात. ते अश्रू खोटे नसतात. पण सोमवारी मुलगा गावात परत येतो तेव्हा त्याच्याशी बोलणारं कोणी नसतं. शमुवेलाला हाक आली तेव्हा ती कोणाची हे त्याला कळलं नाही. तीन वेळा तो म्हाताऱ्या याजक एलीकडे धावला. थकलेल्या, डोळे अधू झालेल्या एलीने ती हाक ओळखून दिली. शिबिरानंतर प्रत्येक मुलामुलीला एक एली नेमून द्या. वयाने पन्नाशीपुढचा, तोंडात शब्द राहणारा, स्वतःचा मुलगा पुढे ढकलण्यात रस नसलेला.

पहिल्या आठवड्यात मुलाने स्वतःच्या अक्षरात एक पान लिहावं: काय ऐकलं, काय वाटलं, कशाची भीती वाटते. ते पान एलीकडे राहील. मग सहा महिने अशी सेवा द्या जी व्यासपीठावरून दिसत नाही. शब्बाथ शाळेचा बालवर्ग, सतरंज्या टाकणं-उचलणं, एका म्हाताऱ्या माणसाला दर रविवारी रिक्षात बसवून आणणं. माईक या सहा महिन्यांत देऊ नका. गिटार आणि माईक लवकर हातात आले की मुलाला टाळ्या आणि पाचारण यांतला फरक कळेनासा होतो, आणि तो दोष मुलाचा नाही, देणाऱ्यांचा आहे. सहा महिन्यांनी तीन गोष्टी विचारा. कोणी पाहत नसताना तो येतो का? तो एक रविवार आला नाही तर बालवर्गातली मुलं त्याची चौकशी करतात का? आणि घरात आईशी, बहिणीशी तो कसा बोलतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरी जाऊनच मिळतं.

हे पार पडलं तर पाळकांशी बसवा. आधी पदवी पूर्ण करायला सांगा. आई-वडील विरोध करतात म्हणजे ते अविश्वासू आहेत असं नसतं. त्यांना म्हातारपणाची काळजी असते, ती खरी आहे, तिच्यावर बोला. पुण्यात शिक्षणाची सोय आहे. १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३पासून पुण्यातच आहे. शिफारसपत्र देताना एक ठरवा: ज्या ठरावात शिफारस मंजूर होईल, त्याच ठरावात दर महिन्याची रक्कम आणि ती कोणत्या तारखेला जाणार हेही लिहिलं जाईल. रक्कम छोटी असली तरी चालेल, तारीख चुकलेली चालणार नाही. मेसचे पैसे थकलेला विद्यार्थी ग्रीक धातू पाठ करू शकत नाही. "देव पुरवील" म्हणून आपली थैली बंद ठेवणाऱ्यांविषयी याकोबाने दुसऱ्या अध्यायात लिहिलंच आहे. शिवाय एका कुटुंबाने दर रविवारी उपासनेनंतर त्याला फोन करावा. दहा मिनिटं पुरतात.

आणि मध्येच परत आला तर? कोणाची तब्येत बिघडते, कोणाचं इंग्रजी अडतं, कोणाच्या घरी अडचण येते, कोणाला तिथे गेल्यावर कळतं की आपला मार्ग हा नव्हे. तो परत आला की मंडळी त्याला "पळून आला" म्हणते आणि तो मागच्या बाकावर बसू लागतो, मग तेही सोडतो. त्याच्याकडे पहिल्या पंधरवड्यात जा. हिशोब मागू नका. मार्काला कुप्राची वाट मिळाली होती, ह्याला बालवर्ग तरी परत द्या.

मुलींकडे वेगळं पाहायला हवं. आठ-आठ वर्षं शब्बाथ शाळा चालवणाऱ्या मुलीला एकदाही कोणी विचारत नाही, "बाळ, तुला देव सेवेसाठी बोलावतोय असं वाटतं का?" लग्नाचं मात्र सगळे विचारतात. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. १९२१मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या आणि १९२४मध्ये ते शास्त्र छापून आलं. खिळे जुळवले, छपाई केली ती तिथल्या बायकांनी, ज्यांना बाहेरच्या जगाने टाकून दिलं होतं. पुढच्या वेळी गाडी तिथून जाईल तेव्हा शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला हे सांगा.

त्या खिळे जुळवणाऱ्या बायकांचंही पाचारणच होतं. पाचारण म्हटलं की आपल्याला फक्त झगा आणि व्यासपीठ दिसतं, पण नव्या करारात कापडाचं काम करणारी माणसं किती आहेत ते आपल्या गावाने तरी पाहायला हवं. पौल, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू शिवत. लुदिया जांभळं कापड विकत असे. यापोतली टबीथा गेली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने शिवलेले कपडे रडत-रडत दाखवले. आपल्या बाकांवर मागावर उभे राहणारे, युनिफॉर्म शिवणारे, विड्या वळणारे, रात्रपाळीच्या नर्स, झेडपीचे शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी बसलेले असतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका कामाच्या लोकांना पुढे बोलवा आणि त्यांच्यावर तीन मिनिटं प्रार्थना करा. त्याआधी आठवडाभर त्यांना विचारा की कामात नेमकं काय जड जातं. शिलाईवाली सांगेल, उरलेलं कापड कोणाचं. नर्स सांगेल, रागावलेल्या नातेवाइकांपुढे आवाज कसा शांत ठेवायचा. त्या शब्दांत प्रार्थना झाली की माणूस सोमवारी सकाळी कामावर जाताना ती बरोबर घेऊन जातो.

व्हॉट्सअपविषयी थोडकंच. पहाटे पाचला फुलांच्या चित्रावरचं वचन शंभर जणांना जातं आणि कोणालाच पोचत नाही. एका माणसाच्या नावाने चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा. आणि कोणाचा आजार, कोणाच्या घरातलं भांडण प्रार्थनेची विनंती म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारा. वहीतही गुपितं लिहू नका. नाव, गल्ली, भाषा, पाळीची वेळ, पुढची तारीख, इतकंच.

शेवटी पाळकांचं घर. मंडळीत सगळ्यांना धीर देणाऱ्या माणसाच्या घरी धीर द्यायला कोणी जात नाही. जातात ते तक्रार घेऊन, नाहीतर दाखल्यावर सही घ्यायला. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन्ही बाजूंनी सूर्य मावळेपर्यंत हात धरून ठेवले. पगार ठरल्या तारखेला द्या. सोमवार त्यांना मोकळा द्या, अगदी मयत सोडून कशालाही त्या दिवशी फोन करू नका. कमिटी रात्री साडेनऊला संपवा. पाळकीणबाईंना न विचारता महिला मंडळाच्या अध्यक्ष धरून चालू नका, त्यांनाही विचारा की त्यांचं स्वतःचं पाचारण काय आहे. आणि बदली होऊन नवीन कुटुंब आलं की पहिल्या आठवड्यात मुलांच्या शाळेच्या प्रवेशाला कोणीतरी बरोबर जा.

येत्या मिटिंगच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला घ्या. बारा नावं त्याच रात्री ठरवा. वही दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची घ्या, आणि पहिल्या जोडीच्या पहिल्या ओळीत पाळकसाहेबांच्या घराचं नाव लिहा. डबा नेताना बिनतिखटाचा हवा का, ते आधी विचारून घ्या. घरात लहान मुलं आहेत.

ख्रिस्तात तुमचे,
सोलापुरातील मंडळ्यांत भेटीचं काम करणारे आम्ही बंधुभगिनी